रामाचा आवाज कोणाचा?

गेल्या दिवाळीत फराळ आटोपून घरची मंडळी टीव्हीसमोर बसली होती. मुलाने ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट लावला, आणि तोही इंग्रजीत. चार-दोन वाक्ये झाली आणि आई म्हणाली, “काहून रे बाप्पा, राम इंग्रजी बोलते?”

सगळे हसले. मीही हसलो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

चित्रपट आहे जपान्यांनी आणि आपण मिळून केलेला. युगो साको हे जपानी गृहस्थ १९८३ साली उत्खननावरील माहितीपटासाठी भारतात आले आणि रामकथेच्या प्रेमात पडले. रामायण ही भारताची ठेव, परक्याने तिला हात लावू नये, असा आक्षेपही तेव्हा घेतला गेला. तरी साकोंनी हट्ट सोडला नाही. आपले राम मोहन आणि जपानचे कोइची सासाकी यांना बरोबर घेऊन, शेकडो कलावंतांच्या हातांनी चित्रे काढून, १९९२ साली त्यांनी ते काम पुरे केले. इंग्रजी संवाद भारतीय नटांनी म्हटले, तर गाणी वसंत देवांनी संस्कृतात रचली. पुढे हिंदीत रामाला अरुण गोविलांचा आणि रावणाला अमरीश पुरींचा आवाज मिळाला. अमेरिकेत तोच राम अमेरिकन नटाच्या आवाजात बोलला. २०२५ साली चित्रपटगृहांत तो पुन्हा आला, तेव्हा आवाज पुन्हा नवे.

मग यांतला रामाचा खरा आवाज कोणता?

माणसांच्या चित्रपटाला दुसऱ्या भाषेचा आवाज चढवला, की नटाचा मूळ आवाज हरवला असे म्हणता येते. पण काढलेल्या चित्राला कंठच नसतो. तिथे पहिला आवाजही उसनाच. मला हिंदीतला राम खरा वाटतो, याचे कारण १९८७ सालच्या मालिकेत मी अरुण गोविलांना पाहिले, एवढेच. माझ्या आजीचा राम सुधीर फडक्यांच्या गळ्यातून यायचा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणाने तो तिला दिला होता. ज्याला आपण खरेपणा म्हणतो, तो पुष्कळदा कानांची सवय असतो. वाल्मीकींचा राम संस्कृत बोलला, कंबनांचा तमिळ, तुलसीदासांचा अवधी, आणि आमच्या एकनाथांचा मराठी. यांतल्या कोणाला परका म्हणायचे?

मग कोणीही, कसाही आवाज द्यावा काय? तसे मला वाटत नाही. आवाज देण्याचा अधिकार जन्माने मिळत नसेल. पण तो फुकटही मिळत नाही. आधी ऐकावे लागते. साकोंनी सांगण्याआधी वर्षानुवर्षे वाचले, विचारले, आपल्या लोकांकडून समजून घेतले. म्हणून त्यांचा राम मला परका वाटत नाही.

आम्हा वऱ्हाडकरांना तर हे नवे वाटू नये. चक्रधरस्वामी गुजरातेतून आले, आणि मराठीत बोलले. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी त्यांचे नाते जडले. त्यांच्या मागे म्हाइंभटांनी, ज्यांनी ज्यांनी ते बोल ऐकले होते त्यांना गाठून, विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याची ही आद्य पुंजी बाहेरून आलेल्या एका बोलणाऱ्याने आणि कान देऊन ऐकणाऱ्यांनी मिळून आपल्याला दिली.

इथपर्यंत विचार करून मी स्वतःवर खूश झालो होतो. आणि मग मला वर्गातला एक मुलगा आठवला.

बरीच वर्षे झाली. गोष्ट सांगण्याचा तास होता. तो उभा राहिला आणि रंगात येऊन सांगू लागला, “मंग सीतामाय म्हने, मले ते हरीन पायजे...” मी अडवले. “मले नाही, मला. पायजे नाही, पाहिजे. आणि हरीण, णकार म्हण.” वर्ग हसला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि तो खाली बसला. सोन्याचे हरीण तिथेच अरण्यात उभे राहिले. राम त्याच्यामागे गेलाच नाही.

प्रमाण मराठी शिकवणे हे माझे काम, आणि ते केलेच पाहिजे. पण गोष्ट संपेपर्यंत थांबता आले असते. अमेरिकन रामाला मी मन मोठे करून जागा दिली. अकोल्याच्या पोराच्या रामाला मात्र माझ्या वर्गात जागा नव्हती.

त्या रात्री चित्रपटात जटायू पडला, तेव्हा आईने पदर डोळ्यांना लावला. मी विचारले, “आई, इंग्रजी समजलं का तुला?” ती म्हणाली, “जटायू गेला ना बाप्पा! त्यात समजाचं काय रायते?”

तो मुलगा मध्यंतरी बसस्थानकावर भेटला. वाकून नमस्कार केला. “कसे आहात सर?” एकेक अक्षर जपून उच्चारलेले. मग मागे वळून आपल्या लेकराला म्हणाला, “चाल बे लवकर, गाडी सुटून जाईन.” तो आवाज मी ओळखला. हरणाची गोष्ट विचारावी असे मनात आले, पण जीभ उचलली नाही.

आपल्या पोराला तो रामाची गोष्ट सांगत असेल, तर ती मला ऐकायची आहे. मध्ये एकदाही न बोलता.