उतारशाळेचा रक्षक

(मननासाठी शास्त्रभाग : लूक १०:३०-३५)



चांगल्या शोमरोन्याचा दाखला ठाऊक नाही असे मूल आपल्या मंडळ्यांत सापडावयाचे नाही. वाटेत घायाळ होऊन पडलेल्या मनुष्याच्या जखमा त्याने बांधल्या व आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले, हे आपण आवडीने सांगतो. परंतु दाखल्याच्या शेवटी आणखी एक मनुष्य आहे, त्याजकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी दुसऱ्या दिवशी पुढे गेला; जखमी तेथेच राहिला. त्याला पाणी कोणी पाजले? रात्री ताप चढला तेव्हा उशाशी कोण बसले? शास्त्र त्या रक्षकाचे नावही सांगत नाही. तथापि त्याच्या हातांवाचून शोमरोन्याची दया अर्धीच राहिली असती.

ह्या रक्षकाची आठवण होण्यास एक कारण घडले. अक्कलकोट भागातील एका शेतमजुराची कन्या परिचारिकेची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झाली. सोलापुरातील एका मोठ्या रुग्णालयात तिला जागा मिळत आहे, आणि अतिदक्षता विभाग की सर्वसाधारण वैद्यकीय वॉर्ड, ह्यांतून एक निवडावयास सांगितले आहे. मैत्रिणी म्हणतात, अतिदक्षता विभागात मान आहे, पुढे परदेशचा मार्गही तेथूनच उघडतो. वडिलांना शिक्षणाकरिता काढलेल्या कर्जाची चिंता आहे. आणि मुलीच्या मनात एक गोष्ट आहे, ती तिने घरी बोलून दाखविली नाही : तिला भीती वाटते. आपल्या हातून एखादा जीव तर जाणार नाही ना, ही ती भीती होय. हा प्रश्न आज आपल्या पुष्कळ घरांत आहे, म्हणून त्याचा येथे विचार करू.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. अतिदक्षता विभागात परिचारिकेकडे एक-दोनच रुग्ण असतात. परंतु नाडी, रक्तदाब, श्वास व लघवीचे प्रमाण ह्यांची नोंद वेळोवेळी ठेवावी लागते, आणि यंत्राची घंटा वाजली की क्षणाचाही विलंब चालत नाही. वैद्यकीय वॉर्डात रुग्ण पुष्कळ : कोणाला मधुमेह, कोणाला दमा, कोणाला पक्षाघात. तेथे प्रथम कोणाकडे धावावे, आणि काल बोलणारा म्हातारा आज गप्प का, हे ओळखणे हीच विद्या होय. प्रसूतिगृहात एका वेळी दोन जीव सांभाळावयाचे असतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थोड्या वेळात मातेचा प्राण घेऊ शकतो. बालरुग्ण विभागात औषधाची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते, आणि दशांशचिन्ह एक घर सरकले तर औषधाचे विष होते. ह्यांतील कोणते काम हलके म्हणावे? शरीर एक व अवयव अनेक, असे प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीस सांगतो. डोळ्याने हाताला नकोसे म्हणावे असे त्यात नाही.

तरीही लोक मानाचे माप लावतातच. अशांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे चरित्र आठवावे. इ. स. १८५४ त क्रिमियाच्या युद्धप्रसंगी त्या ३८ परिचारिका घेऊन गेल्या. तेथे तलवारी-गोळ्यांपेक्षा रोगांनीच अधिक शिपाई मरत होते. बाईंनी काय केले? फरशा धुवविल्या, स्वच्छ कपडे व पोटास नीट अन्न मिळेल अशी तजवीज केली, आणि रात्री दिवा घेऊन खाटांमधून फिरल्या. हे उतारशाळेच्या रक्षकाचेच काम होते. पुढे इ. स. १८६० त लंडन येथे त्यांच्या नावे परिचारिकांची शाळा निघाली. आपल्या प्रांतात मिरजेस डॉ. वॉनलेस यांनी इ. स. १८९४ त रुग्णालय उघडले. शस्त्रवैद्य म्हणून त्यांची कीर्ती दूरवर पसरली. परंतु शस्त्रक्रिया घटका दोन घटकांची, आणि रुग्ण उठून चालू लागेपर्यंतचे दिवस परिचारिकांचे.

मग निवड कशी करावी? ह्याचेही उत्तर दाखल्यातच आहे. शोमरोन्याने रक्षकाला नुसते काम सांगितले नाही; दोन दीनार हाती दिले, आणि अधिक लागेल ते परत येताना भरून देण्याचे वचनही दिले. ज्याने भार सोपविला, त्याने साधन दिले व आपण परत येण्याचे पत्करले. म्हणून आमच्या कन्येने रुग्णालयास नम्रपणे पण स्पष्ट विचारावे : पहिले काही आठवडे मजबरोबर अनुभवी सिस्टर असेल काय? रात्रपाळीस माझ्याकडे किती रुग्ण राहतील? मात्रेविषयी शंका आली तर मध्यरात्री कोणाला हाक मारू? जेथे ह्या प्रश्नांस सरळ उत्तर मिळते, तेथे दोन दीनार आहेत असे समजावे. जेथे प्रश्न विचारणाऱ्या मुलीस हसतात, तेथे मान कितीही असो, तो भार एकटीने उचलू नये. शिकविणारे कोणी असेल तर अतिदक्षता विभागात निर्भयपणे जावे. नसेल तर वैद्यकीय वॉर्डात जाण्याची लाज बाळगू नये. तिला वाटते ती भीती दुर्गुण नव्हे. जिला मुळीच भीती वाटत नाही, ती औषधाची बाटली दुसऱ्यांदा वाचून पाहत नाही.

लहान जागेविषयीही दोन शब्द सांगावयाचे आहेत. इ. स. १९७० नंतरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचूदंशाचे रुग्ण त्यांच्यापुढे दगावत. त्यांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून प्रत्येक लक्षण टिपले, आणि प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग सिद्ध करून दाखविला. तेणेकरून असंख्य जीव वाचले. विंचू व सर्प अक्कलकोटच्या शिवारातही आहेत. उद्या ही कन्या आपल्या तालुक्यात परत आली, तर सोलापुरात शिकलेले एकही अक्षर वाया जाणार नाही. शिवाय ह्या सीमेवरच्या गावात मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषा तिच्या जिभेवर आहेत. घाबरलेल्या बाळंतिणीशी तिच्या मायबोलीत बोलणे हेही औषधच होय.

आईबापांस आमची विनंती अशी की, पहिला वॉर्ड म्हणजे जन्माची गाठ नव्हे. वर्ष दोन वर्षांनी विभाग पालटता येतो. पगाराचा आकडा विचारा, परंतु तो पहिला विचारू नका. मुलगी रात्रपाळीहून आली की आधी तिला जेवू घाला. आणि उपदेशक बंधूंनो, आजाऱ्यांसाठी मंडळीत प्रार्थना करिता, तेव्हा त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांचेही स्मरण ठेवा.

निवड तिची आहे. ती आम्ही तिच्या हातून घेत नाही. कोणत्याही दाराने ती आत गेली, तरी आतील खाटेवर वाटेत लुटलेला तोच मनुष्य आहे. तो आपल्या हाती सोपविलेला आहे, आणि सोपविणारा परत येणार आहे, इतके तिने विसरू नये.