संदेष्ट्याची पारख

शास्त्रपाठ : अनुवाद 18:15-22, 1 थेस्सलनीकाकरांस 5:19-22



जबलपूरजवळचे रांझी हे कामगारांचे उपनगर. लष्करी मालमोटारी बांधणारी व्हेइकल फॅक्टरी आणि खमरियाचा दारूगोळा कारखाना याच परिसरातले. खमरियाच्या चाचणी मैदानावर दारूगोळा प्रत्यक्ष डागून पाहतात. तो तयार करणारा कारागीर कितीही अनुभवी असो, त्याच्या शब्दावर माल सैन्याच्या हाती जात नाही. अशा परीक्षेने कोणाही प्रामाणिक कारागिराचा अपमान होत नाही. कारण सदोष गोळा शत्रूला मारण्याऐवजी आपल्याच शिपायाचा जीव घेऊ शकतो, हे तो जाणतो.

आता याच रांझीतील एक ख्रिस्ती घर डोळ्यांपुढे आणा. वडील नुकतेच निवृत्त झाले आहेत, भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आली आहे, आणि तरुण मुलाला अपस्माराचा आजार आहे. अशा घरी कोणी येऊन म्हणतो, “मी परमेश्वराचा संदेष्टा आहे. प्रभूने मला दाखवले आहे की, मुलाचे औषध आजच बंद करा आणि प्रभूच्या कार्यासाठी विश्वासाचे बी पेरा.” त्या आईने काय करावे? नाही म्हणावे तर देवाला नाकारल्याचे भय. हो म्हणावे तर मुलाच्या जिवाची भीती. प्रिय वाचकहो, आधुनिक काळात संदेष्टे आहेत काय, हा प्रश्न अभ्यासिकेतल्या वादापुरता नाही. तो या आईचा प्रश्न आहे, आणि पवित्र शास्त्राने तिला निरुत्तर सोडलेले नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करू. मध्य प्रदेशातील आपली मराठी मंडळी हिंदी उपासनेत ‘भविष्यद्वक्ता’ हा शब्द ऐकते आणि घरी मराठी शास्त्रात ‘संदेष्टा’ हा शब्द वाचते. हिंदी शब्दामुळे मनात भविष्य सांगणारा उभा राहतो. मराठी शब्दामुळे निरोप आणणारा. शास्त्रातील संदेष्ट्यांचे कार्य पाहता मराठी शब्द अधिक नेमका वाटतो. आमोस, यशया, मीखा यांनी पुढे घडणाऱ्या गोष्टी सांगितल्या हे खरे. परंतु त्यांचे मुख्य काम देवाचा करार मोडणाऱ्या लोकांना परत बोलावण्याचे होते. नोकरी कधी लागेल, विवाह कोठे जुळेल, हे सांगण्यासाठी ते घरोघर फिरले नाहीत. जो केवळ भविष्य सांगतो आणि पापाविषयी कधीच बोलत नाही, त्याचे नाते यिर्मयापेक्षा ज्योतिष्याशी जवळचे आहे.

मग देव आज कोणाच्याही द्वारे बोलत नाही काय? प्रेषित व संदेष्टे यांच्या पायावर मंडळी रचलेली आहे असे पौल इफिसकरांस लिहितो (2:20), आणि पाया एकदाच घातला जातो, म्हणून ते दान प्रेषितांच्या काळाबरोबर संपले, असे काही विश्वासू ख्रिस्ती मानतात. मंडळीच्या उन्नतीसाठी ते दान आजही दिले जाते, असे दुसरे तितकेच विश्वासू ख्रिस्ती मानतात, आणि पौलाने करिंथकरांस दिलेल्या सूचनांकडे बोट दाखवतात. या दोन्ही पक्षांतले विचारवंत एका गोष्टीवर एकमत आहेत : देवाने शेवटी आपल्या पुत्राच्या द्वारे भाषण केले आहे (इब्री 1:1-2), आणि त्या वचनात भर घालणारा किंवा त्याच्या बरोबरीचा दुसरा शब्द आता येणार नाही. म्हणून प्रत्येक दाव्याची परीक्षा झालीच पाहिजे. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल एकाच दमात दोन गोष्टी सांगतो : आत्म्याचे कार्य दडपू नका, आणि सर्व काही पारखून घ्या. संदेश तुच्छ मानणारा पहिली आज्ञा मोडतो, तर डोळे मिटून स्वीकारणारा दुसरी.

ही पारख कशी करावी?

पहिली परीक्षा वचनाची. अनुवादाच्या 13 व्या अध्यायात मोशे बजावतो की, एखाद्याचे चिन्ह खरे ठरले तरी तो लोकांना परमेश्वरापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नये. म्हणजे चमत्कार हे अंतिम प्रमाण नव्हे. 1 राजे 13 मधील कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. देवाच्या माणसाला वाटेत न जेवण्याची स्पष्ट आज्ञा होती. एका वृद्ध संदेष्ट्याने देवदूताचे नाव घेऊन खोटे सांगितले. त्याने ते मानले आणि परतताना सिंहाने त्याला ठार केले. सांगणारा वयोवृद्ध होता, पदाने संदेष्टा होता, देवदूताचा हवाला देत होता. तरीही त्याचे म्हणणे आधी मिळालेल्या वचनाच्या विरुद्ध होते, आणि तेवढेच पुरेसे होते.

दुसरी परीक्षा सत्यतेची. हनन्याने यिर्मयासमोर सांगितले की, दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल. लोकांना ते गोड वाटले. यिर्मयालाही तसेच व्हावे असे वाटत होते. पण गोड वाटणे म्हणजे खरे असणे नव्हे. त्याच वर्षी हनन्या मरण पावला आणि जू तसेच राहिले. मंडळीच्या इतिहासातही असे अनेकदा घडले. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा प्रभूच्या येण्याचा दिवस धरला होता. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे 2011 ही तारीख जगभर गाजवली. दोन्ही दिवस इतर दिवसांसारखेच मावळले. तो दिवस पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, हे प्रभूने अगोदरच सांगितले होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. भाकीत खोटे ठरले की आजकाल दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारला जातो : “तुमचा विश्वास कमी पडला.” शास्त्रात असे नाही. अनुवाद 18 प्रमाणे शब्द खरा न ठरल्यास जाब बोलणाऱ्याला द्यावा लागतो, रोग्याला नव्हे, त्याच्या आईला नव्हे. अशा मनुष्याचे भय बाळगू नये, असेही तेथे सांगितले आहे. भयाने जखडलेल्या कितीतरी घरांना हे एवढे एकच वचन मुक्त करू शकेल.

तिसरी परीक्षा पैशाची. ‘दिदाखे’ या आरंभीच्या मंडळीच्या शिक्षणपुस्तकात एक साधा नियम आहे : आत्म्याने प्रेरित होऊन बोलतो असे म्हणत जो स्वतःसाठी पैसे मागतो त्याचे ऐकू नये, इतर गरजवंतांसाठी मागत असेल तर त्याचा न्याय करू नये. प्रेषितांच्या कृत्यांतील अगब याच्या वागण्याशी हे जुळते. त्याने दुष्काळाचे भाकीत केले, तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी यथाशक्ती वर्गणी जमवली. ती अगबाच्या हाती न जाता बर्णबा व शौल यांच्या हस्ते यहूदीयातील गरजू बंधूंकडे गेली. आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यांनी मिशनचा पगार सोडला. त्यांच्या विचारांविषयी मतभेद होऊ शकतात. पण पाचारणाने त्यांना श्रीमंत केले असे कोणी म्हणू शकत नाही.

चौथी परीक्षा फळाची. 1905 च्या जून महिन्यात केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये मोठे आत्मिक जागरण झाले. मुली रडल्या, पापे कबूल केली, तासन्तास प्रार्थना केली. काहींना हे प्रकार विचित्र वाटले. रमाबाईंनी ते दडपले नाही. त्या जागरणातून निघालेल्या मुली गावोगाव सुवार्ता घेऊन गेल्या. परंतु रमाबाईंनी स्वतःला संदेष्टी म्हणवून घेतले नाही. त्यांच्या आयुष्याची उरलेली वर्षे इब्री व ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात गेली, आणि 1922 साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते पूर्ण केले. जिच्या घरात आत्म्याचा वर्षाव झाला ती स्त्री वचनापासून दूर गेली नाही. सामान्य बायाबापड्यांना ते स्वतः वाचता यावे म्हणून झिजली. खऱ्या आत्म्याची ही मोठी खूण आहे. खोटा संदेष्टा लोकांना आपल्यावाचून असहाय करतो. पवित्र आत्मा त्यांना वचनाजवळ नेतो.

शेवटी, खरा संदेशदेखील आपली विवेकबुद्धी काढून घेत नाही. पौलाला यरुशलेमेत बांधतील, असे अगबाने सांगितले. मित्रांनी त्याला न जाण्याची गळ घातली. पौलाने संदेश खोटा म्हटला नाही, तरी देवाने नेमलेल्या मार्गाने तो गेलाच. संदेश कोणी एकट्याने न पारखता मंडळीने मिळून पारखावा, असे 1 करिंथ 14:29 मध्ये सांगितले आहे. म्हणून बंद खोलीत, “कोणाला सांगू नका” असे बजावून दिलेला संदेश घेऊन आधी आपल्या पाळकांकडे व वडीलजनांकडे जा. आणि पाळकहो, असा मनुष्य आपल्याकडे आला तर त्याला हसून परत पाठवू नका. रात्री अडीच वाजता मुलाला झटके येतात तेव्हा ज्या घरी मंडळीतले कोणी जात नाही, त्या घरी परका संदेष्टा सहज शिरतो.

तर रांझीतल्या त्या आईला आपण काय सांगावे? बाई, मुलाचे औषध चालू ठेवा. लूक वैद्य होता, आणि त्याला प्रिय म्हणताना पौलाला संकोच वाटला नाही. निवृत्तीची रक्कम घरासाठी राखा. प्रभूजवळ मुलाच्या आरोग्यासाठी धैर्याने मागा, तो ऐकतो. त्यासाठी मध्यस्थ एकच आहे, आणि त्याने आपली किंमत आधीच भरली आहे. जो मनुष्य तुम्हांला भय घालतो त्याच्यापुढे शास्त्र उघडून शांतपणे म्हणा, “भाऊ, आपण मिळून हे पारखून पाहू.” तो देवाचा असेल तर बसेल. नसेल तर उठून जाईल, आणि त्याच्या जाण्याने तुमच्या घरातून देव जाणार नाही.

प्रभू आपल्या मंडळीला ऐकणारे कान आणि पारखणारे मन देवो. आमेन.