व्रत, वर्ण आणि परतीची वाट

पात्राने स्वीकारलेले बंधन त्या पात्राला घडवते की केवळ जखडते, हा कथनमीमांसेतील जुना प्रश्न आहे. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाने तो नियमांच्या भाषेत मांडला. या खेळात टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेक पात्र बोलते-चालते करतात. त्यांपैकी ‘पॅलाडिन’ हा धर्मयोद्धा १९७५च्या एका पुरवणीतून आला. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला एक विलक्षण अट होती. त्याने अन्य वृत्तीची एक जरी पायरी चढली, तरी मिळवलेले सामर्थ्य त्याच्यापाशी राही. मात्र धर्मयोद्धा म्हणून पुढची पायरी त्याला पुन्हा कधीही चढता येत नसे. दुष्कृत्याबद्दलची शिक्षा वेगळी होती, आणि तीत सामर्थ्यच हिरावले जाई. येथे पाप घडलेले नाही. केवळ अवधान विभागले गेले आहे. निष्ठा ही सवडीने करण्याची गोष्ट नव्हे, असे या नियमाला अभिप्रेत असावे.

कोकणच्या भूमीला या नियमाचा अर्थ परका वाटू नये. ज्याच्या नावाने ही भूमी परशुरामक्षेत्र म्हणून ओळखली जाते, तो जन्माने ब्राह्मण आणि व्रताने योद्धा. एकवीस वेळा पृथ्वी नि:क्षत्रिय करून त्याने ती कश्यपाला दान दिली; तेथून निघून जाण्याची आज्ञा झाल्यावर सागराने त्याला शूर्पारकाची जागा करून दिली, असे शांतिपर्व सांगते. त्याची अस्त्रविद्या लोपली नाही. द्रोणाने ती त्याच्याकडूनच मिळवली. परंतु अंबेच्या कैवारासाठी त्याने भीष्मावर पुन्हा शस्त्र उचलले, तेव्हा तेवीस दिवसांच्या युद्धानंतरही विजय आला नाही. सामर्थ्य शाबूत आहे, वाट मात्र संपली आहे.

या प्रसंगातून ‘व्रत सोडणारा हरतो’ असे तात्पर्य काढणे सोपे, पण अपुरे ठरेल. समोरचा भीष्म आपल्या प्रतिज्ञेपासून कधीच ढळला नाही, हे खरे. त्या अढळपणाची किंमत मात्र अंबेने मोजली. व्रताचे मोल व्रतस्थाच्या शुचितेवरून ठरवावे की ज्यांच्या आयुष्यावर त्याची सावली पडते त्यांच्या दु:खावरून, हा प्रश्न महाभारत मिटवत नाही.

कर्णाच्या कथेत याहून कठीण पेच उभा राहतो. त्याने ब्राह्मण असल्याची बतावणी केली, मांडीला कीटक डसत असताना गुरूची झोप मोडू दिली नाही, आणि त्याच सहनशीलतेमुळे तो उघडा पडला. शापाचे कारण असत्य हे सांगितले जाते. पण विद्येचे दार जन्मावरून बंद नसते, तर असत्याची गरजच पडली नसती. उलट द्रोणाने शस्त्रावर उपजीविका केली. भीमाने त्याला रणात त्याबद्दल कठोरपणे सुनावले, तरी त्या वृत्तीचे दार त्याला बंद नव्हते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील आपद्धर्मही एकाच दिशेने वाहतो: ब्राह्मणाला संकटकाळी खालच्या वर्णाची वृत्ती पत्करता येते; खालच्याने वरची पत्करणे हा मात्र दंडनीय अपराध ठरतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले, ते बंधन या कल्पनेच्या विरोधात नव्हते. न निवडलेल्या बंधनाला धर्म म्हणण्याच्या विरोधात ते होते.

हा भेद भूमिकाखेळाच्या इतिहासातही दिसतो. १९७८च्या नियमग्रंथात धर्मयोद्धा केवळ मानववंशीयच होऊ शकत असे. २००० साली ही जन्माची अट गेली, परतीची वाट बंद करणारी अट राहिली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तीही नव्हती. पहिल्या बदलाने न्याय साधला. दुसऱ्याने खेळाडूला स्वातंत्र्य दिले, पण निवडीचे गांभीर्य काहीसे उणे केले. या दोन्ही बदलांना ‘मुक्ती’ या एकाच नावाने संबोधणे म्हणजे वर्ण आणि व्रत यांची गल्लत करणे होय.

मालवण किनाऱ्यावरील दशावताराचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. जत्रेच्या रात्री लिखित संहितेवाचून आख्यान उभे राहते. नट संवाद आयत्या वेळी रचतो. मात्र पात्राच्या स्वभावधर्माबाहेर गेला की प्रेक्षकांच्या ते लगेच ध्यानात येते. पहाटे मुखवटा उतरतो, आणि पावसाळ्यात त्याच नटाचे हात शेतात असतात. रात्रीपुरते स्वीकारलेले बंधनही पूर्ण असू शकते, कारण ते स्वीकारलेले असते.

म्हणून परतीची वाट बंद करणाऱ्या नियमाचा नैतिक निवाडा त्याच्या कठोरतेवरून करता येणार नाही. दार आत शिरण्यासाठी सर्वांना खुले होते काय, आणि आत शिरणाऱ्याला ते मागे बंद होईल हे ठाऊक होते काय, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. भीष्मासंदर्भात दोन्हींची उत्तरे होकारार्थी येतात, तरीही अंबेचा तिसरा प्रश्न उरतोच. कर्णाच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाला नकार मिळतो. त्यानंतर त्याच्या निष्ठेचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणाला उरतो?