गेस्नरचे मेंढपाळ

मी : आत्या, हे सालोमोन गेस्नरचं चित्र बघ. झ्युरिकचा कवी-चित्रकार, १७३० ते १७८८. दाट झाडी, खाली संथ पाणी आणि झाडांपुढे इवलीशी दिसणारी, ग्रीक पेहरावातली माणसं. कुणाला कसली घाई नाही.

आत्या : मेंढ्या कोण राखतंय?

मी : इथे तो प्रश्नच येत नाही.

आत्या : माझा आक्षेप तोच आहे. १७६७पासून हा गृहस्थ झ्युरिकच्या लहान परिषदेत, म्हणजे सरकारातच होता. आसपासच्या खेड्यांत घरोघर कापूस कातायचे, माग चालायचे. पण व्यापाराचा मक्ता शहराकडे. परिषदेत खेडुताला जागा नाही. १७७०-७१मध्ये तर धान्य इतकं महागलं की लोकांची उपासमार झाली. आणि ह्याचे मेंढपाळ निवांत!

मी : पण हे झ्युरिकचे शेतकरी आहेत असं तो म्हणतोय कुठे? १७५६च्या ‘इडिलेन’ ह्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच त्याने सांगितलंय, हे सुवर्णयुग आहे.

आत्या : सोय आहे. सुवर्णयुगात कुणी हिशेब मागत नाही.

मी : मग चित्रकाराने भूकच रंगवायची?

आत्या : रंगवू नये. पण राज्य करणाऱ्याने खेड्याचा विसावा रंगवला, की बघणाऱ्याला वाटतं, तिकडे सगळं आलबेल आहे.

मी : उलट बघ ना. सगळं आलबेल असतं तर सुवर्णयुग हवं कशाला? जे नाही तेच माणूस रंगवतो. ही तक्रारच आहे.

आत्या : कुणाविरुद्ध? स्वतःविरुद्ध करायची वेळ आली, की माणूस तक्रार दोन हजार वर्षं मागे ढकलतो.

मी : ते राहू दे. झाडं बघ. १७८१पासून झील नदीच्या खोऱ्यातलं शहराचं जंगल त्याच्या देखरेखीखाली होतं, उन्हाळ्यात तो तिथेच राहायचा. तिथली लाकडं नदीत सोडायची, ती वाहत शहरात यायची, चुलीशेकोट्यांसाठी. झाडांची ओळख त्याला तिथे पटलेली.

आत्या : म्हणजे झाडं बघून काढली आणि माणसं पुस्तकातून. झाड विकायचं असतं, नीट बघावंच लागतं.

मी : तू फारच कडू बोलतेस.

आत्या : १७९५मध्ये श्टेफा गावाने जुने हक्क मागितले, तेव्हा झ्युरिकने तिथे फौज घातली. गेस्नरला जाऊन सात वर्षं झाली होती. त्या फौजेतल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात हेच चित्र टांगलेलं असतं, तर त्याला ते खटकलं असतं का?

मी : नसतं. पण ह्यातलं काहीच ठाऊक नसलेल्या माणसाला हे बघून बरं वाटलं, तर त्याचं बरं वाटणं खोटं?

आत्या : खोटं नाही. स्वस्त.

मी : मला स्वस्तातलंच परवडतं, आत्या.