सावकाराच्या वहीतील बत्तीस जीव
(२ राजे ४:१-७)

संदेष्ट्यांच्या मंडळीतील त्या विधवेचा आक्रोश आपणांस ठाऊक आहे. नवरा कर्ज ठेवून वारला, आणि सावकार तिचे दोन पुत्र दास करून नेण्यास दारी आला. या भागावर उपदेश करिताना आम्ही बहुधा तेलाच्या भांड्यापाशीच रेंगाळतो; सावकाराकडे वळून पाहत नाही. आज पाहू.

लंडन शहरी डेव्हिड बार्क्ले (१७२९–१८०९) नावाचा व्यापारी व पेढीवाला होऊन गेला. तो क्वेकर पंथाचा होता. त्या पंथाचा नामांकित ग्रंथकार रॉबर्ट बार्क्ले हा त्याचा आजा. १७६१ साली लंडनच्या क्वेकर वार्षिक सभेने असे ठरविले होते की, गुलामांचा व्यापार करणाऱ्यास मंडळीत ठेवू नये. हा गृहस्थ त्या व्यापारासाठी आफ्रिकेस गेला नाही, कोणास बेडी घातली नाही. पण जमेका बेटावरील एक कर्ज थकले, आणि त्याच्या फेडीत त्यास व त्याचा भाऊ जॉन यास 'युनिटी व्हॅली पेन' नावाचे गुरांचे कुरण मिळाले. कुरणाबरोबर गुरे आली, आणि गुरांबरोबर ३२ गुलामही आले. वहीत ती केवळ एक जमेची ओळ! आपल्या वहीत 'येणे' म्हणून लिहिलेल्या रकमेमागे कोणाचे मूल चाकरीस राहिले आहे, हे आपण कधी विचारतो काय?

कित्येक वर्षे गेली, भाऊही वारला. हा विलंब आम्ही झाकू इच्छीत नाही. दासास एक दिवसही लांबच असतो. अखेर १७९५ साली बार्क्लेने त्यांस मुक्त केले. नुसता कागद फाडून तो स्वस्थ बसला नाही. त्यांस फिलाडेल्फियास नेण्याची तजवीज केली, आणि तेथील दास्यविरोधी मंडळीने त्यांस हातास धंदे लावून देण्याचे काम पत्करले. यात सुमारे ३,००० पौंड खर्च झाले. अलीशानेही विधवेस कर्ज फेडावयास सांगून, उरलेल्यावर तिने व तिच्या पुत्रांनी निर्वाह करावा, असे सांगितले होते. १८०१ साली बार्क्लेने ही हकीकत छापून प्रसिद्ध केली.

तो १८०९ साली मरण पावला. पुढे १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने दास्य बंद करण्याचा कायदा केला आणि भरपाईसाठी २ कोटी पौंड मंजूर केले. ते सर्व मालकांस मिळाले. दासांस एक पैही मिळाली नाही.