निकालाखालची सही

सोलापुरात प्रथमच आलेल्या पाहुण्याला आम्ही सिद्धेश्वराचे तळे दाखवतो, भुईकोट किल्ला दाखवतो आणि परतताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी क्षणभर थांबतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही नावे येथील शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात हे चौघे फासावर गेले. महात्मा गांधी त्या वेळी त्याच तुरुंगात बंदिवान होते.

आपण त्यांना हुतात्मे म्हणतो आणि ते यथार्थच आहे. परंतु एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. या चौघांना जमावाने मारले नाही किंवा सैनिकांनी भर रस्त्यात गोळ्या घातल्या नाहीत. त्यांच्यावर रीतसर खटला चालला, साक्षी झाल्या, वकिलांनी युक्तिवाद केले आणि निकालाखाली न्यायाधीशांची सही झाली. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची वार्ता येताच शहर खवळले होते. ८ मे रोजी गोळीबारात तरुण शंकर शिवदारे बळी पडला, न्यायालयाची इमारत जळाली आणि संतप्त जमावाच्या हातून दोन पोलीस शिपायांचेही प्राण गेले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारण्यात आला व तो जूनअखेरपर्यंत राहिला. पोलिसांच्या हत्येचा आरोप या चौघांवर आला. ती हत्या त्यांच्या हातून झालीच नव्हती, अशी सोलापूरकरांची दृढ श्रद्धा आहे आणि ती आजवर ढळलेली नाही.

मग त्या मृत्यूचे उत्तरदायित्व कोणाचे? साक्षीदार म्हणेल, मी केवळ जे सांगायचे ते सांगितले. तपासणी अधिकारी म्हणेल, निर्णय माझा नव्हता. सरकारी वकील आपल्या पक्षकाराकडे बोट दाखवील. खालचे न्यायाधीश म्हणतील, वर अपील होते. आणि वरचे म्हणतील, आमच्यापुढे केवळ कागद होते. फाशी देणाऱ्याच्या हातात तर हुकूमच असतो. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे, आणि अखेरीस चार माणसे मात्र मरण पावलेली!

ही परकीय सत्तेची कथा म्हणून कोणी बाजूला सारील, म्हणून आपल्याच राज्यातील अगदी अलीकडचे उदाहरण घेऊ. २००३ साली नाशिकजवळ एका कुटुंबावर अमानुष हल्ला झाला. दरोडा, बलात्कार, हत्या, सारेच त्यात होते. भटक्या जमातीतील सहा गरीब माणसे पकडली गेली. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच ठोठावली. त्यांतील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे निष्पन्न झाले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निर्णय मागे घेऊन अपील नव्याने ऐकले आणि मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवले. त्या काळरात्रीतून वाचलेल्या साक्षीदाराने प्रारंभी पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चार माणसांना ओळखले होते. ती गोष्ट दडपली गेली होती. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आणि दोषी पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश दिला. तोवर सोळा वर्षे उलटून गेली होती.

या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. २००९ चा तो निर्णय ज्या जुन्या निकालाच्या आधारावर उभा होता, तो १९९६ मधला निकालच चुकीचा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने अवघ्या दोन आठवड्यांत सांगितले. शिक्षा ठरवताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराच्या परिस्थितीचाही विचार व्हावा, असे घटनापीठाने १९८० साली सांगितलेले असूनही १९९६ मध्ये ते दृष्टीआड झाले होते. त्या १९९६ च्या खटल्यातील मनुष्य त्याच वर्षी फासावर गेला होता. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधाराने फाशी झालेल्यांची शिक्षा बदलावी, अशी विनंती केली. निवृत्तीनंतरही ज्यांना हा विषय स्वस्थ बसू देत नाही, त्या न्यायमूर्तींविषयी आमच्या मनात आदर आहे. ‘आम्ही केवळ कायदा लावला’ असे म्हणून तेही मोकळे होऊ शकले असते.

न्यायाधीशाला कायद्याने संरक्षण दिले आहे. १८५० चा एक कायदा आणि १९८५ चा दुसरा यांनुसार, प्रामाणिकपणे न्यायदान करताना झालेल्या चुकीबद्दल त्याच्यावर दावा लावता येत नाही. आम्हांला हे योग्यच वाटते. हरलेला प्रत्येक पक्षकार न्यायाधीशालाच कोर्टात खेचू लागला, तर बलवानाविरुद्ध निकाल देण्यास कोण धजावेल? बुद्धिपुरस्सर, भ्रष्ट हेतूने कायद्याविरुद्ध निकाल देणाऱ्याला मात्र जुन्या दंडसंहितेतही शिक्षा होती आणि नव्या न्याय संहितेतही आहे. एखाद्याला फाशी व्हावी म्हणून खोटी साक्ष देणाऱ्याला आणि त्यामुळे निरपराध्याचा जीव गेल्यास, स्वतः फाशीपर्यंत जावे लागू शकते. परंतु दावा लागत नाही याचा अर्थ दोष लागत नाही असा नव्हे. कायद्याने उघडे ठेवलेले दार सदसद्विवेकबुद्धीने मोकळे सोडावे, असे कोठे लिहिले आहे?

आपल्या ख्रिस्तसभेने आपल्या न्यायासनांपुढे ठेवलेला नियम याबाबतीत मननीय आहे. विवाहाच्या वैधतेचे प्रकरण घेऊन धर्मप्रांताच्या न्यायासनाकडे गेलेल्या कुटुंबांना त्याचा अनुभव असेल. निर्णय देण्यापूर्वी न्यायाधीशाच्या मनात नैतिक निश्चिती असली पाहिजे, असे धर्मसभेचा कायदा सांगतो. पोप पायस बारावे यांनी १९४२ साली रोटा न्यायासनापुढे तिचे विवेचन केले होते. गणितासारखी निरपवाद खात्री एका टोकाला आणि नुसती शक्यता दुसऱ्या टोकाला. या दोहोंच्या मध्ये, जेथे कोणतीही वाजवी शंका उरत नाही, तेथे ही निश्चिती असते. द्वेषाने किंवा गंभीर निष्काळजीपणाने पक्षकारांचे नुकसान करणाऱ्या न्यायाधीशाला शिक्षेची तरतूदही त्याच कायद्यात आहे. आणि अनेक न्यायाधीश मिळून निर्णय देत असतील, तर प्रत्येकाने आपले मत लेखी आणायचे असते. ज्याला बहुमत मान्य नसेल, तो आपले मत वरिष्ठ न्यायासनाकडे पाठवण्याची मागणी करू शकतो. बहुमतामागे लपण्याची सोय तेथे ठेवलेली नाही.

हे वाचताना आम्हांला अरिमथाईचा योसेफ आठवतो. न्यायसभेच्या ठरावाला त्याची संमती नव्हती, असे लूक मुद्दाम नोंदवतो. त्याच्या असंमतीने निर्णय बदलला नाही. पिलाताने तर हात धुतले; परंतु दोन हजार वर्षे होऊन गेली तरी प्रत्येक रविवारी मिस्सात आपण धर्ममत म्हणताना त्याचे नाव घेतोच. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारी वाचली जाणारी सुसान्नेची कथाही अशीच. तिच्यावर आळ घेणारे दोघे वडीलजन त्या वर्षीचे न्यायाधीशच होते! सारी सभा त्यांच्या वयाकडे व मानाकडे पाहून गप्प राहिली. कोवळ्या वयाच्या दानिएलाने केले ते एवढेच, की दोघांना वेगवेगळे उभे करून कोणत्या झाडाखाली हे घडले, असा एक प्रश्न विचारला. तो प्रश्न सभेतील कोणालाही विचारता आला असता.

न्यायाधीश होण्याचा योग आपल्यापैकी फारच थोड्यांना येतो. पंच होण्याचा योग मात्र कोणाच्याही दारात उभा राहतो. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ, गिरणीतून निवृत्त झालेले, नित्य मिस्साला येणारे, यांना एकदा रात्री पोलिसांनी रस्त्यातून बोलावून पंचनाम्यावर सही करण्यास सांगितले. दिवा अंधूक होता, चष्मा घरी राहिला होता. त्यांनी सही केली. दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात बचावाच्या वकिलाने विचारले, ‘मजकूर वाचला होता काय?’ ते खरे बोलले : सही माझी, मजकूर वाचलेला नाही. आरोपी सुटला. तो खरोखर निरपराध होता की आपल्या आळशीपणाने एक गुन्हेगार मोकळा झाला, हे त्यांना आजतागायत कळलेले नाही. धर्मगुरूंपाशी पापनिवेदनातही त्यांनी ही गोष्ट सांगितली, असे ते स्वतःच आम्हांला म्हणाले. त्या दिवसापासून ते चष्मा घेतल्यावाचून घराबाहेर पडत नाहीत, अगदी कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा.