अंथरूण, पाय आणि प्रोसेसर

घरी गेमिंग पीसी जोडायचा म्हटलं की पहिली चर्चा प्रोसेसरची होते. कुठला, किती कोअरचा, कितीला. पण या चर्चेच्या पोटात एक वेगळाच प्रश्न असतो, आणि तो कॉम्प्युटरचा नाही. जे दिवस अजून आलेच नाहीत, त्यांच्यासाठी आज किती पैसे मोडावेत?

सध्या हा प्रश्न आमच्या घरात आहे. पाचगणीचा माझा मामेभाऊ नुकताच बारावी झालाय. बजेट ६० हजार. पैसे मामांचे, यंदाच्या स्ट्रॉबेरीचे. भाऊ म्हणतो, "दादा, ८ कोअरचाच घेऊ, फ्यूचर-प्रूफ होईल." मामांना कोअरशी देणंघेणं नाही. त्यांनी मला फोनवर एवढंच विचारलं, "ह्यात भागंल का रे? का दोन वर्षांनी परत पैशे?"

नीट ऐकलं तर दोघांची भीती एकच आहे. आज घेतलेली वस्तू उद्या अपुरी पडेल ही. आणि सल्ला मी देणार, पैसे मात्र त्यांचे जाणार. म्हणून हा प्रश्न मला नुसता तांत्रिक वाटत नाही.

आधी तांत्रिक बाजू बघू. गेममधली प्रत्येक फ्रेम आधी प्रोसेसर तयार करतो: कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडलं का. मग ग्राफिक्स कार्ड ते चित्र रंगवतं. दोघांपैकी जो हळू, त्याच्या वेगाने गेम चालतो. भावाचा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा आहे, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. एका चित्रासाठी जवळपास १७ मिलिसेकंद मिळतात. रायझन ५ ५६०० सारखा ६ कोअरचा प्रोसेसर तो खेळतो त्या बहुतेक गेमना एवढ्या वेळात उरकतो. त्याहून महागडा घेतला, तर तो काम लवकर संपवून ग्राफिक्स कार्डाची वाट बघत बसेल. ६० हजारांत प्रोसेसरवर जास्त खर्च केला की कात्री नेमकी ग्राफिक्स कार्डालाच लागते.

आपल्याकडे अशा वेळी म्हण तयार असते: अंथरूण पाहून पाय पसरावेत. अर्थशास्त्राचं नोबेल १९७८ साली मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनीही जवळचंच काही सांगितलं होतं. माणसाकडे माहिती कमी, वेळ कमी. त्यामुळे तो सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो.

मला दोन्ही पटतं, पण पूर्ण नाही. एकतर ही म्हण पाय वाढायचे थांबलेल्या माणसाला शोभते. १८ वर्षांच्या पोराचे पाय अजून वाढायचेत. आज तो गेम खेळतोय, उद्या व्हिडिओ एडिट करेल, परवा थ्रीडी शिकेल. दुसरं म्हणजे, 'आत्तापुरतं घे' हा सल्ला ज्याला पुढच्या वर्षी पुन्हा घेता येतं त्याच्यासाठी सोपा आहे. अवकाळी पावसात फळ सडलं की ज्याचं वर्ष जातं, त्याने एकदाच दणकट घ्यावं असं म्हटलं, तर त्याला हावरट म्हणता येत नाही. फ्यूचर-प्रूफ हा शब्द जाहिरातीत चलाख वाटतो. मामांच्या तोंडी मात्र ती साधी काळजी असते.

मग काय करायचं? इथे मला पाचगणीहून शंभरेक किलोमीटरवरच्या पुण्याची एक गोष्ट आठवते. १९८८ साली तिथे सी-डॅक सुरू झाली. परदेशी सुपरकॉम्प्युटर मागूनही सहज मिळत नव्हते. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालच्या टीमने इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर घेतले. एकटा ट्रान्सप्युटर सुपरकॉम्प्युटरच्या जवळपासही जात नव्हता, पण असे अनेक एकमेकांना जोडता येत होते. १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला.

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. ट्रान्सप्युटर काही वर्षांत बाजारातून गेला. १९९८ सालच्या 'परम १००००' मध्ये दुसऱ्याच कंपनीचे प्रोसेसर होते. म्हणजे निवडलेल्या चिपला भविष्य नव्हतं. टिकली ती अनेक प्रोसेसर जोडून काम करून घेण्याची विद्या, आणि चिप बदलली तरी ती कामाला आली.

भविष्य ओळखून ते आजच विकत घ्यायचं, हा एक मार्ग. ते ओळखता येत नाही हे मान्य करून त्याच्यासाठी जागा सोडायची, हा दुसरा. पीसीत ही जागा मदरबोर्डवर असते. २०१७ साली पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या बऱ्याच एएम४ बोर्डांत, बायोस अपडेट केल्यावर, २०२२ चा ५८००एक्स३डी बसतो. पाच वर्षांनी फक्त चिप बदलायची, बाकी पेटी तीच. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला किमान २०२७ पर्यंत साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय.

म्हणून मी भावाला सांगितलंय: ६ कोअर घे, पण एएम५ वर. पॉवर सप्लाय चांगल्यातला घे, कारण पाचगणीत पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करते. महागडा कूलर नको, तिथल्या गारव्यात बॉक्समधला पंखा पुरतो. तो थोडा हिरमुसला. आठचा आकडा मित्रांना सांगायला बरा होता.

मामांना मात्र 'भागेल' असं ठाम सांगणं मला जमलं नाही. म्हटलं, "मामा, दोन वर्षांनी पैसे लागणारच नाहीत, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लागले तर थोडे लागतील, एवढं बघितलंय." ते जरा थांबले, मग म्हणाले, "मग ठीकाय. तेवढं जमंल."